घरातला लॅपटॉप, बांधावरची पाटी

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग यांजकडून)



लागण नोंदीचे दिवस आले की शेतकी विभागाकडे विचारणा सुरू होते. कुणाला बेणे हवे असते, कुणाच्या रानात हुमणी लागलेली असते आणि "आमची तोड कधी?" हा प्रश्न तर बारमाही. अलीकडे त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. २०२० साली शाळा-कॉलेजे बंद पडून शिकवणी घरबसल्या सुरू झाली, तेव्हा पुष्कळ घरांतून मुलांसाठी लॅपटॉप घेतले गेले. त्यांतल्या काहींचा पडदा बोटाने चालतो. मुले आता पुढच्या शिक्षणाला बाहेर गेली, काहींनी नवे यंत्र घेतले आणि जुना लॅपटॉप कपाटावर पडून आहे. सभासद विचारतात, "साहेब, ह्याला बोट लावलं की चालतंय. मग ह्याचाच टॅब करून वापरला तर? नवीन टॅबचे पैसे तरी वाचतील."

विचार व्यवहारी आहे. मात्र ह्याचे उत्तर नुसत्या 'होय'वर भागत नाही. शिवाय उसाच्या नोंदी कागदावरून काचेवर गेल्यापासून हा विषय नुसत्या हौसेचाही राहिलेला नाही. तोडणीचा नंबर आता त्या पडद्यावर काय दाबले गेले ह्यावर ठरतो. म्हणून पडद्याची माहिती, तो वापरायची रीत आणि नोंदीच्या वेळी सभासदाने घ्यावयाची दक्षता असे तिन्ही विषय ह्या लेखात एकत्र घेतले आहेत.

लॅपटॉप, टॅब आणि दुमडता लॅपटॉप

टॅब म्हणजे सोप्या भाषेत काचेची पाटी. पडदा तोच, लिहायची जागाही तीच. लॅपटॉपला पडदा वेगळा आणि अक्षरांचा कळफलक वेगळा, दोन्ही बिजागरीने जोडलेले. ह्या दोहोंचा संकर म्हणजे दुमडता लॅपटॉप. त्याची बिजागरी इतकी फिरते की पडदा पार मागे जाऊन कळफलकाच्या पाठीला टेकतो आणि हातात पाटी उरते. दुसऱ्या काही यंत्रांत पडदा कळफलकापासून सुटा होतो.

ही कल्पना आजची नाही. बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याविषयी इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील ई. ए. जॉन्सन ह्यांनी १९६५ साली लिहिले होते. विमानांच्या वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यांचे काम त्यामुळे सोपे होईल असा त्यांचा हिशेब होता. २००२ साली मायक्रोसॉफ्टने टॅबलेट पीसी बाजारात आणला. त्यातील काही यंत्रांचा पडदा फिरवून कळफलकावर झोपवता येई. पण ती यंत्रे महाग आणि जड, त्यामुळे सर्वसामान्यांपर्यंत आली नाहीत. २०१० साली अ‍ॅपलचा आयपॅड आला आणि टॅब घरोघर माहीत झाला. आपल्या देशात ऑक्टोबर २०११ मध्ये विद्यार्थ्यांसाठी स्वस्त 'आकाश' टॅब निघाला. २०१२ साली विंडोज ८ आले आणि पूर्ण मागे दुमडणारे लॅपटॉप त्याच सुमारास दुकानांत दिसू लागले.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. बोटाने चालणारा प्रत्येक लॅपटॉप दुमडता असतोच असे नाही. पुष्कळ यंत्रांचा पडदा बोटाला ओळखतो, परंतु बिजागरी साधीच असते. ती ठरावीक कोनापर्यंत उघडते व थांबते. तिथून पुढे जोर लावला तर बिजागरी तरी तुटते, नाहीतर पडद्याची तार तरी. आपली बिजागरी कुठवर जाते हे यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत पाहावे. पुस्तिका हरवली असेल तर दुकानदाराला विचारावे. "बघू तर खरं" म्हणून जोर लावू नये.

राठ बोट आणि काच

सभासदांची एक नेहमीची तक्रार असते. "पोरानं बोट लावलं की चालतंय, आम्ही लावलं की ढिम्म!" ह्यात सभासदाचा काही दोष नाही. हल्लीच्या बहुतेक पडद्यांत काचेखाली वीज वाहून नेणारा, डोळ्यांना न दिसणारा पातळ थर असतो. माणसाचे शरीर विजेचे वाहक आहे. बोट टेकले की त्या ठिकाणचा विद्युतभार किंचित बदलतो आणि यंत्राला जागा कळते. येथे बोटाच्या जोराचा संबंध येत नाही, कातडीच्या ओलाव्याचा येतो. ज्या हातांनी वर्षानुवर्षे खोरे, कोयता धरला आहे त्यांची बोटे राठ आणि कोरडी असतात. जाड घट्ट्यातून विजेचा परिणाम कमी पोचतो आणि पडद्याला बोट ओळखू येत नाही.

उपाय साधा आहे. बोटाचे टोक टेकवू नये, पेराचा मऊ भाग टेकवावा. बोट ओल्या फडक्याला पुसून घ्यावे, पण पाणी निथळत ठेवू नये. पाण्याचा थेंब पडद्यावर पडला तर त्यालाही यंत्र बोट समजते आणि भलतेच काही उघडते. फवारणीचे रबरी हातमोजे घालून बहुधा पडदा चालत नाही, आणि औषधाच्या हाताने यंत्राला शिवू तर नयेच. ह्या पडद्यांसाठी मऊ टोकाचे साधे पेन मिळते, तेही उपयोगी पडते. आकाश टॅबच्या पहिल्या आवृत्तीत दाबाने चालणारा पडदा होता, त्याला नखही चाले. आताच्या पडद्यांना नख चालत नाही. मोठ्याने दाबून उपयोग नाही, काच तेवढी तडकते.

लॅपटॉपचा टॅब करण्याची रीत

१. यंत्र चालू ठेवून पडदा हळूहळू मागे न्यावा, दोन्ही हातांनी. एक कोपरा धरून ओढू नये. पडदा पुरेसा मागे गेला की बहुतेक दुमडत्या यंत्रांत कळफलक आपोआप बंद पडतो. त्यामुळे खालच्या बाजूस हात लागला तरी अक्षरे उमटत नाहीत. यंत्र बिघडले असे समजू नये.

२. विंडोज १० असेल तर सूचनांच्या पट्टीत 'टॅबलेट मोड' नावाचे बटण असते, ते दाबावे. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ मध्ये हे बटण काढून टाकले आहे. पडदा दुमडला किंवा कळफलक सुटा केला की ते काम आपोआप होते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. बँकेचा व्यवहार करण्यापूर्वी यंत्रात नवी आवृत्ती बसते का हे जाणकाराकडून पाहून घ्यावे.

३. यंत्र आडवे-उभे केले की पडद्यावरचा मजकूरही फिरतो. वाचताना सारखा फिरू लागला तर 'रोटेशन लॉक' दाबून तो स्थिर करावा.

४. बोटाने एकदा टेकवणे म्हणजे माऊसचे एक बटण दाबणे. बोट तसेच दाबून धरले तर उजवे बटण दाबल्यासारखे होते. दोन बोटे फाकवली की अक्षर मोठे होते आणि जवळ आणली की लहान. चष्मा घरी राहिला असेल तेव्हा ही फाकवण्याची युक्ती विशेष ध्यानात ठेवावी.

५. लिहिण्याच्या जागेला बोट लावले की पडद्यावरच कळफलक उमटतो. यंत्राच्या भाषांच्या यादीत मराठी जोडून घेतली की देवनागरी अक्षरे मिळतात. हे काम एकदाच करावे लागते. घरातील मुलामुलींकडून ते करवून घ्यावे.

घरच्या कामासाठी एवढी तयारी पुरते. सातबारा पाहणे, बिलाची रक्कम खात्यावर जमा झाली की नाही हे पाहणे, ऊस लागवडीची चित्रफीत बघणे, खतांच्या हप्त्यांची टिपणे ठेवणे ही कामे मोबाईलच्या बारक्या पडद्यापेक्षा ह्या पाटीवर निश्चितच सोयीची होतात.

बांधावर नेताना

घरातली सोय रानात तशीच मिळेल असे मात्र नाही. पहिली गोष्ट वजनाची. दुमडता लॅपटॉप साधारण सव्वा ते दोन किलोचा. साधा टॅब अर्ध्या किलोच्या आसपास. दीड किलोची पाटी एका हातावर धरून अर्धा तास उभे राहणे कठीण जाते. ती मोटारसायकलच्या सीटवर किंवा पारावर ठेवूनच वापरावी लागते.

दुसरी गोष्ट उन्हाची. भर उन्हात लॅपटॉपचा पडदा दिसत नाही. झाडाची सावली धरावी, पडद्याचा उजेड पूर्ण वाढवावा. उजेड वाढवला की बॅटरी लवकर संपते, हेही धरून चालावे. उष्णतेबाबत बोलायचे तर अ‍ॅपल कंपनी आपले आयपॅड ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरावे असे सांगते. आपल्याकडे मार्च उजाडला की पारा त्याच्या वर जातो. बंद जीपमध्ये यंत्र ठेवून जाऊ नये. पाचटावर किंवा सरीतल्या मातीवर ठेवू नये, कारण लॅपटॉपची हवा खेळायची भोके खालच्या अंगाला असतात, ती बुजतात आणि धूळ आत जाते.

तिसरी गोष्ट क्षेत्राच्या मोजणीची. काही सभासद म्हणतात, "यंत्र घेऊन बांधावरनं चक्कर मारली की क्षेत्र निघतंय ना?" उपग्रहावरून जागा ओळखण्याची सोय मोबाईलमध्ये असते. लॅपटॉपमध्ये ती सहसा नसते. ज्या आयपॅडला सिमकार्डची सोय नाही त्यातही ती नसते. अशी यंत्रे वायफायच्या अंदाजाने जागा दाखवतात. तो अंदाज रानात कामाचा नाही.

मोबाईलने चक्कर मारली तरी काही मीटरचा फरक राहतोच. लहान रानात तो किती होतो ते पाहा. समजा प्लॉट ४० मीटर लांब, २५ मीटर रुंद आहे. म्हणजे १० आर. प्रत्येक कडेची रेघ दोन मीटर बाहेर पडली तर क्षेत्र ४४ गुणिले २९, म्हणजे पावणेतेरा आर भरते. तीच रेघ दोन मीटर आत पडली तर ३६ गुणिले २१, म्हणजे साडेसात आर. एक हेक्टरच्या चौकोनी रानात तोच दोन मीटरचा फरक शेकडा आठच्या घरात राहतो. म्हणून लहान तुकड्यांच्या बाबतीत पडद्यावरील आकडा सातबाऱ्याशी आणि प्रत्यक्ष टेपाशी ताडून पाहावा.

काचेवर खाडाखोड दिसत नाही

आता मुख्य विषयाकडे येऊ. नोंदवहीच्या काळात कर्मचाऱ्याने तारीख चुकीची लिहिली तर ती खोडून वर दुसरी लिहावी लागे. ती खाडाखोड सभासदाला दिसे, साहेबांना दिसे, वर्षाने वही उघडली तरी दिसे. काचेवर तसे होत नाही. तारखेचे चाक बोटाने फिरवताना बोट जरा सरकले, जुलैच्या जागी सप्टेंबर आला आणि 'जतन करा' दाबले गेले, तर मागे काही खूण उरत नाही. चुकीची तारीख बरोबर तारखेइतकीच स्वच्छ दिसते.

आणि तोडणीचा कार्यक्रम लावताना त्याच तारखेकडे पाहिले जाते. उदाहरण घेऊ. एका सभासदाची आडसाली लागण २० जुलैची. नोंदीत ती २० सप्टेंबरची पडली. क्रमवारीत तो दोन महिन्यांनी मागे गेला. त्याच्यापेक्षा कोवळा ऊस आधी तुटतो आणि ह्याचा ऊस रानात उभा. तुरा येतो, कांड्या पोकळ पडू लागतात, वजन घटते. एवढ्यावर थांबत नाही. खोडवा ठेवायचा तर तोड १५ फेब्रुवारीच्या आत व्हावी अशी शिफारस आहे. डिसेंबरची तोड फेब्रुवारीअखेरीस गेली की त्या सभासदाचे खोडव्याचे गणितही बिघडले. बोट सरकले एका क्षणात, पण त्याची झळ दोन पिकांना लागली.

जातीचेही तसेच आहे. कोसी ६७१ ही लवकर पक्व होणारी जात, ती हंगामाच्या सुरुवातीला गेली पाहिजे. को ८६०३२ आणि फुले २६५ ह्या जाती तिच्या मागाहून तयार होतात. पडद्यावर जातींची यादी एकाखाली एक असते. बोट एक ओळ खाली पडले की ६७१ ची नोंद दुसऱ्याच जातीत जाते.

क्षेत्राच्या बाबतीत टिंबाचा घोळ होतो. ४० गुंठे म्हणजे एक एकर, म्हणजे हेक्टरमध्ये साधारण ०.४०. तेथे ०.०४ दाबले गेले तर एकराचे चार गुंठे झाले. एकरी ४० टनांचा अंदाज धरला तर त्या सभासदाच्या नावावर चारच टन दिसतात, आणि टोळी व गाड्या त्याच हिशेबाने धाडल्या जातात. मग फडात ऊस शिल्लक, मुकादम दुसरीकडे जायच्या घाईत आणि सभासद चिटबॉयच्या मागे, हे चित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

ह्यावर खात्रीचा उपाय एकच. नोंद जतन होण्यापूर्वी ती सभासदाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली पाहिजे. आणि पाटीसारखे दुमडणारे यंत्र ह्याच ठिकाणी खरे उपयोगी पडते. लॅपटॉप नेहमीसारखा उघडा ठेवला की पडद्याची पाठ सभासदाकडे असते. समोर बसलेल्याला कर्मचाऱ्याचे नुसते डोके दिसते, तो काय दाबतो आहे ते कळत नाही. यंत्र दुमडून टेबलावर आडवे ठेवले की पडदा दोघांच्या मध्ये येतो. बांधावर टॅब असेल तर खांद्याला खांदा लावून दोघे पाहू शकतात. नोंद एकजण भरतो, पण तपासणारे डोळे चार होतात.

आमच्या गट कर्मचाऱ्यांना आमची सूचना आहे की नोंद भरून झाल्यावर पडदा सभासदाकडे वळवावा, अक्षर मोठे करावे आणि नोंद मोठ्याने वाचून दाखवावी. सभासदांनीही संकोच धरू नये. "साहेब घाईत आहेत, कशाला विचारा" असे म्हणून अंगठा किंवा सही देऊ नये. वाचता येत नसेल तर घरातील मुलगी, सून, नातू कुणालाही सोबत घ्यावे. पडद्यावर पुढील पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली : खातेदाराचे नाव व सभासद क्रमांक. भावाभावांच्या नावांत घोळ होतो, म्हणून क्रमांक अवश्य पाहावा.
दुसरी : गट नंबर आणि गाव.
तिसरी : लागणीची तारीख. दिवस, महिना, वर्ष, तिन्ही वेगवेगळे वाचावे.
चौथी : उसाची जात, आणि लागण आहे की खोडवा.
पाचवी : क्षेत्र. आकड्यातील टिंब कोठे आहे हे नीट पाहावे.

नोंद झाल्यावर त्या पडद्याचा आपल्या मोबाईलवर एक फोटो काढून ठेवावा. लागणीच्या दिवशीही रानाचा एक फोटो घ्यावा. मोबाईलचे घड्याळ बरोबर असेल तर फोटोबरोबर तारीख आपोआप राहते. पुढे तोडीच्या वेळी वाद निघाला तर हा फोटो आणि लॅपटॉपवरील टिपण दाखवता येईल. सातबाऱ्यावरील पिकाच्या बाबतीत ही सवय आपल्याला लागलीच आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः फोटोसह मोबाईलवरून करावयाची पद्धत आली. आपली नोंद आपण पाहायची, हाच विचार कारखान्याच्या नोंदीलाही लागू आहे.

वारणेचा अनुभव

यंत्र मोठे असावे की लहान, हा प्रश्न आपल्या सहकारी कारखानदारीत पूर्वीही आला आहे. १९९८ साली वारणा परिसरातील ७० गावांत संगणक केंद्रे उभारण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. शेतकऱ्याला आपल्या उसाची, खताची, बिलाची माहिती गावातच मिळावी हा त्याचा एक हेतू. पुढे २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाने त्यातील सात गावांत संगणकाच्या जागी साध्या मोबाईलवरच्या संदेशाचा प्रयोग करून पाहिला. शेतकऱ्याला रोज लागणारी माहिती थोडीच होती आणि ती छोट्या संदेशात बसत होती.

ह्यातून घ्यावयाचा बोध असा की यंत्र महाग आहे का स्वस्त, दुमडते का सुटे होते, हा मुद्दा दुय्यम आहे. सभासदाला आपली नोंद वेळेवर आणि स्वच्छ दिसते की नाही, हे महत्त्वाचे.

तेव्हा ज्या सभासदांकडे दुमडता लॅपटॉप आहे त्यांनी तो कपाटावरून खाली काढून जरूर वापरावा. घरात टिपणे ठेवायला, सातबारा मोठ्या अक्षरात वाचायला तो उत्तम आहे. साधी बिजागरी असलेला लॅपटॉप टेबलावरच बोटाने चालवावा, त्याचा टॅब करण्याच्या भरीस पडू नये. आणि केवळ उसाच्या नोंदीसाठी म्हणून कुणीही नवा टॅब विकत घेण्याची आवश्यकता नाही. त्या पैशात सुपर फॉस्फेटची पोती येतील. नोंदीसाठी पडदा आमचा आहेच. तो आपल्याकडे वळवून घेण्याचा हक्क प्रत्येक सभासदाचा आहे, आणि तो आपण बजावावा अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

ज्यांची चालू लागण नोंद झालेली आहे त्यांनीही एकदा गट ऑफिसला येऊन वरील पाच गोष्टी पडद्यावर तपासून घ्याव्यात. तोडणी कार्यक्रम लागण्यापूर्वी दुरुस्ती करणे सोपे असते. कोयता फडात पडल्यावर ती करता येत नाही.

जय सहकार!